प्रश्न लहान करण्याची विद्या

बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला विद्यार्थी उभे राहतात तेव्हा उत्तर आधीच ठरलेले असते. काय यायला हवे ते मागच्या बॅचच्या जर्नलमध्ये लिहिलेले असते. रीडिंग थोडे इकडेतिकडे गेले तर ते सरळ करून घेतले जाते, जर्नलवर सही होते आणि बॅच बाहेर पडते. यातून हात तयार होतो, उपकरणांची भीती जाते, हे मान्यच आहे. पण तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी हेच विद्यार्थी संशोधन प्रकल्पासाठी प्रयोगशाळेत येतात तेव्हा सगळे उलटे होते. ज्याचे उत्तर पुस्तकात नाही आणि गाईडकडेही नाही, असा प्रश्न पहिल्यांदाच त्यांच्यापुढे येतो. रीडिंग सरळ करायचे म्हटले, तरी ते कशाच्या हिशेबाने सरळ करणार? विज्ञान शिकणे आणि विज्ञान करणे यांतली सीमा इथे ओलांडली जाते. हे पुस्तक ती सीमा मेंदूविज्ञानाच्या वाटेने ओलांडू पाहणाऱ्यांसाठी आहे.

वाट मोहाची आहे. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी असतात. ब्राझीलमधल्या सुझाना हर्क्युलानो-हौझेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या ऊतींचे चक्क द्रावण करून त्यातली पेशीकेंद्रे मोजली. २००९ साली हा आकडा प्रसिद्ध झाला आणि तोवर सर्रास सांगितला जाणारा १०० अब्जांचा आकडा मागे पडला. अशा अवयवाकडे येणारे तरुण मोठेच प्रश्न घेऊन येतात. आजीला जुने सगळे आठवते आणि सकाळचे आठवत नाही, असे का? व्यसन सुटता सुटत नाही, ते कशामुळे? भीती शरीरात कुठे असते? हे प्रश्न खरे आहेत, आणि ज्याला ते पडत नाहीत त्याने या विषयाकडे वळू नये. मात्र हातात एक किंवा दोन सत्रे असतात, कॉलेजची एक छोटी प्रयोगशाळा असते आणि तिथे वेळेचीही वाटणी असते. एवढ्या अवधीत ‘स्मृती म्हणजे काय’ याचे उत्तर मिळत नाही. त्या प्रश्नाचा नेमका कोणता तुकडा आपल्याला खरोखर तपासता येईल, हे शोधावे लागते. पहिल्या प्रकल्पात शिकण्यासारखी सगळ्यात मोठी गोष्ट कोणती, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, प्रश्न लहान करण्याची विद्या. मेंदूविज्ञानाचा इतिहास पाहिला तर तो याच विद्येच्या बळावर पुढे सरकलेला दिसतो.

१७९१ साली इटलीतल्या बोलोन्याच्या लुइजी गॅल्वानीने बेडकाच्या पायावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि चेतातंतूंचा विजेशी काही संबंध असावा, ही कल्पना रुजली. पण तंतूंचे हे जाळे असते तरी कसे, हे दिसायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. १८७३ साली कॅमिलो गोल्जीने पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट वापरून मेंदूचे काप रंगवण्याची पद्धत शोधली. या पद्धतीत शंभरातल्या मोजक्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या शाखांसकट काळ्याभोर उठून दिसतात. बाकीच्या रंगत नाहीत म्हणूनच त्या एकेकट्या पाहता येतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालने ही पद्धत हाती घेतली आणि प्रश्न आणखी लहान केला. प्रौढ मेंदूतल्या गुंत्याशी झगडण्याऐवजी त्याने पक्ष्यांचे आणि सस्तन प्राण्यांचे भ्रूण व पिल्ले निवडली. त्यांच्यात तंतूंवरचे मेदाचे आवरण अजून चढलेले नसते आणि शाखाही कमी असतात. त्यामुळे चेतापेशी सलग जाळ्यात वितळलेल्या नसून सुट्या आहेत, हे १८८८ पासून त्याला दाखवता आले. गोल्जी शेवटपर्यंत सलग जाळ्याच्याच मताचा राहिला. १९०६ साली दोघांना नोबेल विभागून मिळाले आणि तिथल्या व्याख्यानांतही दोघांनी परस्परविरोधी मते मांडली. एकच रंग आणि एकसारखेच काप पाहून दोन माणसे दोन निष्कर्षांवर येऊ शकतात, हा धडा प्रकल्प करणाऱ्याने पहिल्याच आठवड्यात लक्षात ठेवावा.

यापुढे या विषयाच्या अनेक शाखा फुटल्या. नवख्या वाचकाला त्यांची ओळख असायला हवी, कारण आपला प्रकल्प कोणत्या शाखेत बसतो यावर साधने, वेळ आणि पुराव्याची पद्धत ठरते. काहालची परंपरा रचनेची. पेशी कशी दिसते आणि कोणाला जोडलेली आहे, हा तिचा प्रश्न. आजचे मेंदूचे जोडणी-नकाशे हे तिचेच पुढचे रूप. दुसरी परंपरा विजेची. इंग्लंडमध्ये प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेत १९३९ च्या उन्हाळ्यात ॲलन हॉजकिन आणि त्याचा २१ वर्षांचा सहकारी अँड्र्यू हक्सली यांनी स्क्विडच्या महाकाय चेतातंतूत आतून विद्युतअग्र घातले आणि संदेश जाताना पेशीच्या आतबाहेरचा विद्युतदाब कसा पालटतो ते नोंदवले. माणसाचा तंतू दिसतही नाही, स्क्विडचा मात्र अर्धा मिलिमीटर जाड असतो, म्हणून त्यांनी स्क्विड निवडला. १९५२ साली त्यांनी त्याचे गणितही मांडले. त्यातली आकडेमोड हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर केली होती. १९७६ साली एर्विन नेहेर आणि बेर्ट साकमान यांनी पेशीच्या पटलातल्या एकाच वाहिनीतून जाणारा प्रवाह मोजून दाखवला, तेव्हा ही परंपरा आपल्या सर्वांत लहान प्रश्नापर्यंत पोचली.

तिसरी परंपरा रसायनांची. १९२१ साली ओटो लोएवीने बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्याकडे जाणाऱ्या व्हेगस या चेतातंतूला उत्तेजन देताच त्याचे ठोके मंदावले. त्या हृदयातला द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावले. चेतातंतू रसायनामार्फत संदेश देतात याचा तो सरळ पुरावा होता, आणि त्यासाठी लागलेली साधने आजही कोणत्याही कॉलेजला परवडतील अशी होती. चौथी परंपरा जनुकांची, पाचवी वर्तनाची आणि जाणिवेची. हान्स बर्गरने १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली. जॉन ओकीफने १९७१ साली उंदरांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात, प्राणी विशिष्ट जागी असतानाच सक्रिय होणाऱ्या पेशी दाखवल्या. सहावी परंपरा संगणनाची. ती हॉजकिन-हक्सली समीकरणांपासून सुरू होते आणि आज लॅपटॉपवर बसूनही तिच्यात भर घालता येते. २००५ साली शैवालातले प्रकाशसंवेदी प्रथिन चेतापेशीत घालून त्या पेशी निळ्या प्रकाशाने चालवता आल्या, तेव्हापासून या शाखांच्या भिंती बऱ्याच ढासळल्या आहेत. तरीही ‘मी कोणत्या जातीचा पुरावा गोळा करतो आहे’ हा प्रश्न स्वतःला विचारल्यावाचून प्रकल्प सुरू करू नये.

या सगळ्यात प्राण्याची निवड निर्णायक ठरली. एरिक कँडेलने स्मृतीच्या अभ्यासासाठी सुमारे २०,००० चेतापेशींची सागरी गोगलगाय ॲप्लिसिया घेतली आणि कल्ला आत ओढण्याची एकच प्रतिक्षिप्त क्रिया वर्षानुवर्षे अभ्यासली. सिडनी ब्रेनरच्या गटाने एक मिलिमीटर लांबीचा, ३०२ चेतापेशींचा सी. एलेगन्स हा कृमी घेतला. त्याच्या जोडणीचा नकाशा १९८६ साली प्रसिद्ध झाला. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा आला. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आहेत. तो कोणालाही पाहता येतो आणि तपासता येतो.

फळमाशीची कथा मुंबईच्या कुलाब्यातूनही जाते. होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि तिथे रेण्वीय जीवशास्त्राचे काम उभे राहिले. पुढे अमेरिकेतल्या सीमोर बेंझर यांच्याबरोबर त्यांनी तापमान वाढले की लुळ्या पडणाऱ्या आणि थंड होताच पुन्हा उठणाऱ्या उत्परिवर्ती माश्यांचा अभ्यास केला. चेतापेशीतला संदेश जनुकांवर कसा अवलंबून असतो, हे त्यातून दिसू लागले. नंतर कुलाब्याच्या प्रयोगशाळेने माशीची चव आणि वास हा विषय आपलासा केला. केनियात जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातल्या व्हेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी पीएचडीसाठी इथेच येऊन चव आणि वास ओळखण्यात चूक करणाऱ्या माश्या शोधून काढल्या आणि पुढे या क्षेत्रात जगभर नाव मिळवले. हे काम महागड्या यंत्रांनी नव्हे, नेमक्या प्रश्नांनी उभे राहिले. महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याने ही परंपरा आपली मानायला हरकत नाही.

विद्यार्थ्यांनी काय केले, याचीही उदाहरणे इतिहासात आहेत. बर्लिनमध्ये वैद्यक शिकणाऱ्या पाउल लांगरहान्सने १८६८ साली, वयाच्या विशीत, माणसाची त्वचा गोल्ड क्लोराइडने रंगवली. त्यात त्याला फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या आणि त्याने त्या चेतापेशी ठरवल्या. शंभर वर्षांनंतर त्या रोगप्रतिकार यंत्रणेतल्या पेशी निघाल्या. पण त्याने काढलेले चित्र आणि केलेले वर्णन अचूक होते, म्हणून त्या पेशी आजही त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. निरीक्षण प्रामाणिक असेल तर निष्कर्ष चुकला तरी ते टिकते. सिगमंड फ्रॉइडनेही विद्यार्थिदशेत व्हिएन्नात ब्र्यूके यांच्या प्रयोगशाळेत लॅम्प्रे या माशाच्या मेरुरज्जूतल्या पेशींवर काम केले होते. आणि बेंझर यांच्या प्रयोगशाळेतल्या रोनाल्ड कोनोप्का या विद्यार्थ्याने १९७१ साली एक साधा प्रश्न विचारला. माश्या कोशातून दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर पडतात? मोजता मोजता त्याला तीन विचित्र प्रकार सापडले. एकाचे घड्याळ १९ तासांचे होते, एकाचे २८ तासांचे, आणि एकाला घड्याळच नव्हते. तिन्ही दोष एकाच जनुकात होते. त्या जनुकाचे रेण्वीय कार्य उलगडणाऱ्या तिघांना २०१७ साली नोबेल मिळाले.

आता प्रश्न लहान करणे म्हणजे प्रत्यक्षात काय, ते एका उदाहरणात जवळून पाहू. म्हातारपणी हालचाल का मंदावते, हा प्रश्न घेऊन एखादी विद्यार्थिनी आली आहे. तो असा होतो : २५ अंश सेल्सियसला वाढवलेल्या, ५ दिवसांच्या आणि ३५ दिवसांच्या नर फळमाश्यांपैकी, काचेची नळी टेबलावर ठोकल्यानंतर १० सेकंदांत ८ सेंमीची रेष किती जणी ओलांडतात? माशी खाली पडली की वर चढते, ही तिची उपजत प्रवृत्ती आहे. साधने म्हणजे नळ्या, कापसाचे बोळे, मक्याचे पीठ, यीस्ट, साखर आणि अगार यांचे खाद्य, एक मोजपट्टी आणि मोबाइलचा कॅमेरा. माशीची पिढी साधारण दहा दिवसांत तयार होते, त्यामुळे माश्यांची कमतरता पडत नाही.

खरे शिक्षण यापुढे सुरू होते. नर वेगळे काढताना माश्यांना कार्बन डायऑक्साइड किंवा थंडी देऊन गुंगवले, तर त्यांना पूर्ण दिवसभर सावरू द्यावे लागते, नाहीतर आपण गुंगीचा परिणाम मोजतो आणि त्याला वय म्हणतो. एक गट सकाळी आणि दुसरा दुपारी तपासला तर माशीच्या दिनचक्राचा फरक वयाच्या खात्यात जमा होतो. नळी किती जोरात ठोकली हे दर वेळी सारखे नसेल तर तोही फरकच. कोणत्या नळीत म्हाताऱ्या माश्या आहेत हे मोजणाऱ्याला ठाऊक असेल, तर रेषेवर घुटमळणारी माशी मोजायची की नाही हे त्याचे मन ठरवते. म्हणून लेबले मैत्रिणीने लावावीत आणि मोजणी आपण करावी. एका नळीत २० माश्या असल्या तरी त्यांना एकच ठोका आणि एकच खाद्य मिळालेले असते, त्यामुळे त्यांच्याकडे २० स्वतंत्र पुरावे म्हणून पाहता येत नाही. मोजण्याचे एकक नळी आहे. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की ३५ दिवस जगलेल्या माश्या म्हणजे मरून न गेलेल्या, मुळातच दणकट माश्या. मधल्या काळात किती मेल्या याची नोंद नसेल तर तुलना अर्धवट राहते. एवढा विचार करणारी विद्यार्थिनी ३५ दिवसांच्या माश्यांमध्ये फरक सापडला नाही असे लिहू शकते, आणि तरीही तिचा प्रकल्प उत्तम असतो.

हा आग्रह केवळ शिस्तीचा नाही. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी २००९ साली मेंदूच्या प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात मेलेला सामन मासा ठेवला, त्याला माणसांची छायाचित्रे दाखवली आणि हजारो ठिकाणची तुलना करताना घ्यायची सांख्यिकी दुरुस्ती न करता विश्लेषण केले. मेलेल्या माशाच्या मेंदूत ‘सक्रिय’ भाग सापडले. २०१३ साली कॅथरिन बटन आणि सहकाऱ्यांनी मेंदूविज्ञानातल्या अनेक अभ्यासांचे परीक्षण केले. खरा परिणाम असला तर तो पकडण्याची त्या अभ्यासांची मध्यक क्षमता सुमारे २१ टक्केच निघाली, कारण नमुने फार लहान होते. नावाजलेल्या प्रयोगशाळांत हे घडते, तर पदवीच्या प्रकल्पात ते टाळायला शिकवणे किती महत्त्वाचे आहे, ते वेगळे सांगायला नको.

नियमांचीही ओळख सुरुवातीलाच हवी. प्राण्यांना क्रूर वागणूक देण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चा आहे, आणि पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांना संस्थेच्या प्राणी नीती समितीची मंजुरी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ पासून पदवी स्तरावरचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबवायला सांगितले. माश्या, गांडुळे आणि झुरळे यांच्यावरच्या प्रयोगांना ही मंजुरी लागत नसली, तरी त्यांना विनाकारण इजा न करणे हे प्रयोग करणाऱ्याचे कर्तव्यच आहे. वर्गमित्रांची प्रतिक्रिया-वेळ मोजायची असली तरी नीती समितीची परवानगी आणि प्रत्येकाची लेखी संमती आवश्यक असते.

हा विषय आज का महत्त्वाचा आहे? एक कारण शिक्षणाच्या रचनेत आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्सचा पर्याय आला. आजवर काही मोजक्या मुलांना तिन्ही विज्ञान अकादमींच्या उन्हाळी फेलोशिपमधून किंवा टाटा संस्थेच्या अभ्यागत कार्यक्रमातून जे मिळायचे, ते आता आपल्याच कॉलेजात मागण्याचा हक्क अनेकांना मिळतो आहे. ती मागणी पूर्ण करायची तर तालुक्याच्या ठिकाणच्या प्रयोगशाळेत, मर्यादित साधनांत, चांगला प्रकल्प कसा करावा हे मराठीतून सांगणारे कोणीतरी हवे. दुसरे कारण समाजाचे. भारतात ६० वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असावा, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीचा अंदाज आहे. अशा लोकांच्या घरांना उद्या डॉक्टर, समुपदेशक आणि संशोधक लागतील. ते आजच्याच वर्गांतून घडायचे आहेत.

या पुस्तकाच्या लेखकांनी नेमकी हीच गरज ओळखली आहे. गाईड शोधणे, प्रश्न ठरवणे, पूर्वीचे काम वाचणे, नियंत्रण गट आखणे, वही लिहिणे, आकडे तपासणे, अहवाल लिहिणे आणि व्हायवाला सामोरे जाणे, हा सारा प्रवास त्यांनी एका विद्यार्थ्याच्या नजरेतून मांडला आहे. ज्यांत उंदीर, महागडे सूक्ष्मदर्शक किंवा मोठे अनुदान लागत नाही, असे प्रकल्प त्यांनी मुद्दाम निवडले आहेत : फळमाशीचे वर्तन, गांडुळाच्या महाकाय तंतूतल्या संदेशाचा वेग, झुरळाच्या पायातल्या विद्युतलहरी, खुल्या उपलब्ध माहितीवर करायचे संगणकीय काम. तंत्रांचे हे हस्तपुस्तक नाही आणि त्याने तसा दावाही केलेला नाही. फसलेल्या प्रयोगाचे काय करायचे, हे त्यात जितक्या गांभीर्याने सांगितले आहे तितके मी दुसऱ्या मराठी पुस्तकात वाचलेले नाही. त्यातच या पुस्तकाचे मोठेपण आहे, असे माझे मत आहे.

विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो की हे पुस्तक परीक्षेच्या आदल्या रात्री उघडू नका. गाईडना पहिल्यांदा भेटायच्या आधी ते वाचा, आणि भेटायला जाताना आपला प्रश्न एका वाक्यात लिहून न्या. ते वाक्य लांबले असेल तर प्रश्न अजून लहान व्हायचा आहे. शिक्षकांना आणि परीक्षकांना माझी विनंती आहे. व्हायवाला प्रकल्प अहवालाचे ब्लॅक बुक उघडण्याआधी विद्यार्थ्याची रोजची वही मागा. तिथे खोडलेले आकडे, न जमलेले दिवस आणि बदललेले बेत स्वच्छ दिसत असतील, तर अपेक्षित निष्कर्ष आला नाही म्हणून एकही गुण कापू नका.